पत्ते चांगले येऊनही चिप्स जातात? आधी जागा तपासा (पॉट-लिमिट ओमाहा)

"पत्ते येत्यात भावा, खरं चिप्स टिकंनात."

कोल्हापुरात पॉट-लिमिट ओमाहा (हातात चार पत्ते घेऊन खेळायचा पोकरचा प्रकार) खेळणाऱ्या कुठल्याही टोळक्यात थोडा वेळ बसा, हे वाक्य कानावर पडणारच. तक्रारीचा साचा ठरलेला असतो. एक्क्यांची जोडी आली, पॉट लावला (म्हणजे मध्ये जमलेत तेवढेच चिप्स लावले), हरलो. लागोपाठचे चार पत्ते आले, फ्लॉपही (टेबलावर उघडणारे पहिले तीन पत्ते) जुळला, पण मोठा पॉट समोरच्याने नेला. लहान पॉट आपण जिंकतो, मोठे हमखास दुसरीकडे जातात. मग उपाय सुरू होतात. कॅट बदला, पत्ते परत पिसा, खुर्ची बदला. खुर्ची बदलण्यात थोडं तथ्य आहे, पण लोक समजतात त्या कारणाने नाही. ते खाली येईलच.

पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट करतो. इथे जे काही लिहिलंय ते पैसे न लावता, नुसत्या चिप्सवर चालणाऱ्या खेळाबद्दल आहे. महाराष्ट्रात जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ पासून आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवरही बंदी आली. आमच्याकडे हरणाऱ्याने मिसळ खिलवायची, एवढाच व्यवहार. एकजण जास्तच हरला की कट वडापर्यंत जातं.

आधी निदान

खालचं सगळं सहाजणांचं टेबल, ब्लाइंड (पत्ते बघायच्या आधी दोघांनी टाकायच्या चिप्स, स्मॉल आणि बिग) ५ आणि १०, प्रत्येकाकडे १००० चिप्स, असं धरून आहे. तुमच्याकडे आकडे वेगळे असले तरी प्रमाण तेच राहतं.

एक वही करा. प्रत्येक डावाला चारच गोष्टी लिहायच्या: बटनाच्या (वाटणाऱ्याची खूण, दर डावाला एक जागा डावीकडे सरकते; तिच्या डावीकडचे दोघे ब्लाइंड) हिशेबाने तुम्ही कुठे होता, किती चिप्स टाकल्या, किती परत आल्या, आणि फ्लॉपच्या आधी तुम्ही नुसता कॉल केला होता (समोरच्याइतकंच टाकलं) की वाढवलं होतं. पत्ते लिहायची गरज नाही. पत्ते लिहायला लागलात की वही दोन रविवारांत बंद पडते. महिन्या-दोन महिन्यांनी जागेनुसार बेरीज करा.

बेरीज बघताना ब्लाइंडच्या जागांवर तोटा दिसला म्हणून घाबरू नका. तिथे सगळ्यांनाच तोटा होतो, कारण पत्ते बघायच्या आधीच चिप्स टाकाव्या लागतात. बघायचं ते एवढंच: बिग ब्लाइंडवर आलेला प्रत्येक डाव डोळे मिटून टाकला, तर दर डावाला १० चिप्स जातील. स्मॉल ब्लाइंडवर ५. ही तुमची फूटपट्टी. तुमचा सरासरी तोटा बिग ब्लाइंडवर १० पेक्षा किंवा स्मॉल ब्लाइंडवर ५ पेक्षा जास्त निघाला, तर त्या जागेवर तुमच्यापेक्षा चहा आणायला उठलेला माणूस चांगला खेळतोय.

एका संध्याकाळच्या आकड्यावरून मात्र काही ठरवू नका. ओमाहात चढउतार फार मोठे असतात. एकच मोठा पॉट अख्ख्या महिन्याची बेरीज फिरवतो.

बऱ्याच वह्यांमध्ये चित्र सारखंच दिसतं: बटन आणि कटऑफवर (बटनाच्या लगेच उजवीकडची जागा) थोडा फायदा, मधल्या जागांवर जेमतेम, आणि स्मॉल ब्लाइंडवर मोठं भगदाड. पत्ते तर सगळ्या जागांवर सारखेच येतात. म्हणजे दोष पत्त्यांत नाही.

बोलायची पाळी नक्की कोणाची

हे सगळ्यांना माहीत असतं, तरी घोटाळा इथूनच सुरू होतो. फ्लॉपच्या आधी बिग ब्लाइंडच्या डावीकडचा पहिला बोलतो आणि बिग ब्लाइंड सगळ्यात शेवटी. फ्लॉप उघडल्यावर उलट. आता स्मॉल ब्लाइंड पहिला, त्याच्यामागे बिग ब्लाइंड, आणि बटन शेवटी. पुढे टर्नला (चौथा पत्ता) आणि रिव्हरला (पाचवा पत्ता) हाच क्रम.

म्हणजे ब्लाइंडवाल्याला सुरुवातीला एकदाच शेवटी बोलायची चैन मिळते, तीही सगळ्यात स्वस्त फेरीत. पुढच्या तिन्ही महाग फेऱ्यांत तो आंधळा. तीन पत्ती खेळून इकडे आलेल्यांना हे जास्त नडतं. त्यांची सवय आपली पाळी आली की चाल द्यायची, नाहीतर पॅक. आपल्यामागे कितीजण बोलायचे उरलेत, हे मोजायची सवय तिथे फारशी लागत नाही.

आमच्यात मार्केट यार्डात गुळाची अडत असलेला एक मित्र आहे. त्याला हे एका वाक्यात समजलं: सौद्यात सगळ्यांचे भाव ऐकून मग बोलणारा आणि सगळ्यांच्या आधी भाव फोडणारा, या दोघांना एकच ढेप कधीच एका भावात पडत नाही.

मग पॉट-लिमिटमध्येच एवढा त्रास का

नो-लिमिटमध्ये पहिला बोलणारा निदान एक काम करू शकतो. अडचणीत आला की सगळ्या चिप्स मध्ये ढकलतो आणि पुढच्या फेऱ्यांची कटकट संपवतो. पॉट-लिमिटमध्ये ती सोय नाही. मध्ये जेवढं आहे तेवढंच जास्तीत जास्त लावता येतं. २४० च्या पॉटवर तुम्ही २४० लावले, तर समोरच्याला २४० टाकून ४८० मिळवायची संधी मिळते. तीनपैकी एक वेळ जिंकला तरी त्याचं नुकसान नाही.

आणि ओमाहात तीनपैकी एक वेळ जिंकेल असा हात कोणाकडे नसतो? टेक्सास होल्डेममध्ये हातात दोन पत्ते येतात, त्यांचे प्रकार १,३२६. ओमाहात चार पत्ते येतात आणि प्रकार होतात २,७०,७२५. हातातले बरोबर दोन आणि टेबलावरचे बरोबर तीन वापरायचे, म्हणजे प्रत्येकाच्या चार पत्त्यांत दोन-दोनच्या सहा जोड्या दडलेल्या असतात. फ्लॉपवर काहीच न लागलेला माणूस शोधावा लागतो. त्यामुळे पहिल्या बोलणाऱ्याने कितीही जोरात "पॉट!" म्हटलं तरी मागे कोणी घाबरत नाही.

आता माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म असलेला हिशेब बघा. बटनावरून ३५ ला उघडलं, स्मॉल ब्लाइंडने पत्ते टाकले, बिग ब्लाइंडने कॉल केला. पॉट ७५, दोघांकडे ९६५ शिल्लक. फ्लॉपला पूर्ण पॉट लावला तर ७५, टर्नला २२५, रिव्हरला ६७५. बेरीज ९७५. म्हणजे तिन्ही फेऱ्यांत पॉट लागला, तर १००० चिप्सची राशी बरोबर रिकामी होते. तीनपैकी एकच फेरी दोघांनी चेक करून (काही न लावता पाळी पुढे देऊन) सोडली, तर बाकीच्या दोन फेऱ्यांत प्रत्येकाचे जास्तीत जास्त ३०० जातात, ६६५ वाचतात.

ती एक फेरी सोडायची की नाही, हे कोणाच्या हातात असतं? शेवटी बोलणाऱ्याच्या. आधीच्याने चेक केलं आणि बटननेही चेक केलं की फेरी संपली, पुढचा पत्ता फुकट. ब्लाइंडवाल्याने चेक केलं म्हणून काहीच संपत नाही, मागून २२५ येऊ शकतात. पॉट लहान ठेवायचा असेल तर ब्लाइंडवाला ठेवू शकत नाही. मोठा करायचा असेल तर एकतर स्वतः आधी लावावं लागतं, नाहीतर चेक करून मागच्याने लावायची वाट बघावी लागते, आणि मागच्याने चेक केलं की एक फेरी वाया जाते. "लहान पॉट मी जिंकतो, मोठे जातात" या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

एक डाव, जवळून

गुजरीत सराफी पेढी असलेला आमचा एक दोस्त स्मॉल ब्लाइंडवर आहे. हातात इस्पिक एक्का, चौकट एक्का, किलवर छक्की, बदाम दुर्री. चार पत्ते, चार रंग. बटनावर शिरोली एमआयडीसीतला फौंड्रीवाला. त्याने ३५ ला उघडलं. सराफाने एक्के बघितले आणि पॉट म्हणाला, म्हणजे ११५. फौंड्रीवाल्याने कॉल केला. पॉट २४०, दोघांकडे ८८५.

फ्लॉप: बदाम गुलाम, बदाम नव्वी, किलवर चव्वी.

सराफाला पहिला बोलायचंय. एक्क्यांची जोडी आहे, बाकी काही नाही. ना रंग (एकाच रंगाचे पाच, म्हणजे फ्लश), ना सरळ (लागोपाठचे पाच). त्यात पॉट वाढवल्यामुळे टेबलावरच्या पोरासोरालाही समजलंय की याच्याकडे एक्के आहेत. फौंड्रीवाल्याकडे काय आहे, हे सराफाला अजिबात ठाऊक नाही.

प्रत्यक्षात त्याच्याकडे आहेत बदाम राणी, बदाम दश्शी, इस्पिक अठ्ठी, इस्पिक सत्ती. कोणताही राजा, राणी, दश्शी, अठ्ठी किंवा सत्ती पडली की त्याची सरळ होते. ते १६ पत्ते. शिवाय उरलेले बदाम. त्याच्या बाजूने बघितलं तर ४५ न दिसलेल्या पत्त्यांपैकी २२ त्याच्या कामाचे. सराफाच्या हातातली बदाम दुर्री वजा केली तरी २१ उरतात, आणि दोन पत्ते यायचेत. चार डावांत तीनहून थोडं जास्त वेळा त्यातला एखादा पत्ता पडतोच.

सराफाने पॉट लावला, २४०. फौंड्रीवाल्याने सगळ्या ८८५ ढकलल्या. आता सराफाला आणखी ६४५ टाकायचेत, २०१० च्या पॉटसाठी. म्हणजे सुमारे ३२ टक्के वेळा जिंकायला हवं, आणि समोरचे पत्ते बघता तेवढा वाटा त्याच्याकडे नाही. पण समोरचे पत्ते त्याला दिसत नाहीत. फौंड्रीवाल्याकडे नुसती राजांची जोडी आणि चढलेला आवाज असता, तर कॉल बरोबर ठरला असता. सराफाने कॉल केला. टर्नला किलवर सत्ती. संपलं.

चेक करून बघू म्हणाल, तर मागून २४० येतात आणि टाकून द्यावं लागतं, समोरचा खरा होता की फेकत होता हे न समजताच. किंवा फौंड्रीवाला चेक करतो, फुकट पत्ता बघतो, आणि टर्नला राजा पडल्यावर सराफ पुन्हा पहिला बोलणारा, पुन्हा आंधळा. त्या जागेवरून त्या पत्त्यांना सोयीचा रस्ताच नव्हता. चूक फ्लॉपवर झालेली नाही. ११५ म्हटलं तिथे झाली.

आता जागा उलट करा. फौंड्रीवाला कटऑफवर, सराफ बटनावर. फौंड्रीवाला ३५, सराफ १२०, कॉल. पॉट २५५. फ्लॉप तोच. फौंड्रीवाला चेक करतो. सराफही चेक करतो आणि टर्न बघतो. बदाम राजा पडला आणि समोरून पॉट आला, तर पत्ते खाली, १२० वर निभावलं. इस्पिक तिर्री पडली आणि समोरून पुन्हा चेक आलं, तर आता पॉट लावायला हरकत नाही, कारण समोरच्याकडे काहीही असलं तरी आता एकच पत्ता उरलाय. फौंड्रीवाल्याने फ्लॉपलाच पॉट लावला असता तरी १२० वरच सुटका होती. तेच पत्ते, तोच फ्लॉप, तोच माणूस. एकीकडे १००० गेले, दुसरीकडे वाईट पत्ता आला तरी १२० वर सुटका.

याचा अर्थ स्मॉल ब्लाइंडवर एक्के आले की घाबरून बसायचं, असा नाही. एक्का-एक्का-गुलाम-दश्शी असे पत्ते असतील, दोन्ही एक्के आपापल्या रंगाच्या जोडीदारासह असतील, तर कुठल्याही जागेवरून वाढवा. आणि सुक्या (जोडीला कामाचे पत्ते नसलेल्या) एक्क्यांनी ११५ म्हटल्यावर बटनवाला अंगात येऊन पुन्हा पॉट म्हणाला, म्हणजे ३५५, तर आनंदच आहे. आता सगळ्या चिप्स फ्लॉपच्या आधीच मध्ये जातात आणि पुढे बोलायची पाळीच येत नाही. सुक्या एक्क्यांना नडतो तो मधला प्रकार, ११५ टाकले, ८८५ उरले आणि तीन फेऱ्या अंधारात. म्हणून सुके एक्के स्मॉल ब्लाइंडवर आले की नुसता कॉल करा. ३० च चिप्स जास्त जातात, एक्के लपून राहतात, आणि फ्लॉप वाईट आला की ३५ वर बाहेर पडता येतं.

दुरुस्ती, जागेनुसार

स्मॉल ब्लाइंड. सगळ्यात जास्त चिप्स इथेच गळतात, आणि कारण एकच: "अर्धे तर गेलेतच, आणखी ५ मध्ये फ्लॉप बघू." चारजण आधीच आत असतात, म्हणून हे स्वस्त वाटतं. मग होतं काय, हातात राजा आणि सत्ती किलवर असतात, फ्लॉपवर तीन किलवर पडतात, राजाचा फ्लश तयार. आता तुम्ही पहिले. लावलं तर तुमच्यापेक्षा हलके पत्ते पळतात आणि एक्क्याचा फ्लश वाढवतो. चेक केलं तर मागून कोणीतरी पॉट लावतो आणि तुम्ही रिव्हरपर्यंत जीव मुठीत धरून कॉल करत जाता. हाच राजाचा फ्लश बटनावर असता तर आधी चारही जण काय करतात ते बघून ठरवलं असतं. ५ ला घेतलेला फ्लॉप ४०० ला पडतो तो असा. उपाय कंटाळवाणा आहे: टाकून द्या. स्मॉल ब्लाइंडवर खेळायचे पत्ते बटनाच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी ठेवा.

बिग ब्लाइंडला तेवढं कडक राहायची गरज नाही. बटनने ३५ म्हटल्यावर तुम्हाला २५ टाकून ५० मिळवायचेत, भाव चांगला आहे आणि तुमच्यानंतर कोणी बोलायचं नाही. पण कुठले पत्ते घेऊन आत जाता ते बघा. सगळ्यात मोठा फ्लश किंवा सगळ्यात मोठी सरळ होऊ शकेल असे पत्ते घ्या: एक्का आणि त्याच रंगाचा जोडीदार, किंवा लागोपाठचे वरचे पत्ते. पहिलं बोलायचं असताना दुसऱ्या क्रमांकाच्या हातासारखा महाग हात नाही. छक्की-पंजी-तिर्री-दुर्रीसारखे पत्ते दिसायला जुळलेले वाटतात, पण त्यांची सरळ झाली की बहुधा वरची सरळ कोणाकडे तरी असतेच.

अंडर द गन, म्हणजे फ्लॉपच्या आधी पहिला बोलणारा. इथे आमच्याकडचा लाडका दोष म्हणजे १० टाकून नुसतं आत शिरायचं आणि मागून ४५ आले की "आता आलोय तर बघू" म्हणत कॉल करायचा. मागे पाचजण आहेत. चारही पत्ते एकमेकांच्या कामाचे असतील तरच शिरा, आणि शिरायचं तर वाढवून शिरा. तीन जुळलेले आणि एक भटका पत्ता असेल, तर सहा जोड्यांपैकी तीनच उपयोगी राहतात. दश्शी-नव्वी-अठ्ठी-दुर्री हे चार पत्ते नाहीत, तीन पत्ते आणि एक पाहुणा आहे. बटनावर हा पाहुणा चालवून घेता येतो, इथे नाही.

कटऑफ आणि बटन. वहीत इथला फायदा किरकोळ दिसत असेल, तर तुम्ही उलट चूक करताय. चांगल्या जागेवर बसून फार पत्ते टाकून देताय किंवा नुसता कॉल करताय. सगळ्यांनी पत्ते टाकले असतील तर बटनावरून कॉल करू नका, ३५ करा. पॉट जेवढा मोठा, तेवढा शेवटी बोलायचा फायदा जास्त. ब्लाइंडवाल्यांना मोठ्या पॉटमध्ये अंधारात ओढायची ही तुमची संधी. रंगाचा नुसता एक्का हातात ठेवून मोठा फ्लश असल्याचं सोंगही इथूनच आणता येतं, कारण तो एक्का तुमच्याकडे आहे म्हणजे दुसऱ्या कोणाकडे मोठा फ्लश असूच शकत नाही. अर्थात कोल्हापूरच्या टेबलावर हे सोंग जपून. "बघू तरी काय हाय" म्हणून कॉल करणारा एकजण तरी निघतोच, आणि त्याला पोझिशन कशी समजावणार?

पॉट मोजताना होणारा गोंधळ

"पॉट" म्हणजे मध्ये दिसतात तेवढे, असं धरून बरेचजण कमी लावतात, आणि चांगल्या जागेचा फायदा तिथेच अर्धा होतो. आधी कॉल करायचा, मग जो पॉट झाला तेवढं वाढवायचं. ब्लाइंड ५ आणि १०, तुम्ही बटनावर: १० कॉल, आता मध्ये २५, आणखी २५, एकूण ३५. सोपी रीत अशी: शेवटी लागलेला आकडा तिप्पट करा, बाकीच्यांनी मध्ये टाकलेलं आणि आधीच्या फेऱ्यांचा पॉट मिळवा. आपण स्वतः या फेरीत आधी टाकलेलं धरायचं नाही. कोणी ३५ केलं आणि तुम्ही बटनावर असाल, तर १०५ अधिक ब्लाइंडचे १५, म्हणजे १२०. स्मॉल ब्लाइंडवर असाल तर १०५ अधिक १०, म्हणजे ११५. पॉट मोजायचं काम एकाच माणसाकडे द्या. आमच्याकडे ते गुळाच्या अडत्याकडे आहे, तोंडी हिशेबात त्याचा हात धरणारा कोणी नाही.

खुर्चीचं काय

बटन फिरत असतं, त्यामुळे कोणतीही खुर्ची कायमची वाईट नसते. पण शेजारी फिरत नाहीत. तुमच्या डावीकडचा माणूस जवळजवळ प्रत्येक डावात तुमच्यामागे बोलतो, उजवीकडचा तुमच्याआधी. प्रत्येक डावाला पॉट म्हणणारा गडी तुमच्या डावीकडे बसला असेल, तर तुमची चांगली जागाही अर्धी वाया जाते: तुम्ही १० टाकून आत येता, तो मागून ४५ करतो. तोच उजवीकडे असेल तर तो काय करतो ते बघून ठरवता येतं. म्हणून खुर्ची बदलायचीच असेल, तर धडाकेबाज माणसाच्या डावीकडे जाऊन बसा. गप्प बसून पत्ते टाकणारे आपल्या डावीकडे असलेले बरे.

उपाय करूनही फरक पडत नसेल तर

राशी किती मोठी झाली आहे ते बघा. १००० ने सुरू झालेला खेळ रात्री अकरापर्यंत ज्याच्यात्याच्याकडे ३००० वर जातो, ब्लाइंड मात्र ५-१० च. राशी जितकी खोल, तितकं शेवटी बोलणं महत्त्वाचं, कारण प्रत्येक फेरीत गमवायला जास्त असतं. संध्याकाळी चालून गेलेले बिग ब्लाइंडचे कॉल रात्री नडतात. ब्लाइंड वाढवा, नाहीतर ब्लाइंडवर आणखी कडक खेळा. उलट कोणाकडे ३००-४०० च उरले असतील, तर त्याच्याविरुद्ध जागेचा फारसा प्रश्न राहत नाही. बहुतेक वेळा फ्लॉपवरच सगळं मध्ये जातं.

स्ट्रॅडल टाकायची हौस असेल, तर तीही बघा. अंडर द गनवरून न बघता २० टाकणं म्हणजे स्वखुशीने तिसरा ब्लाइंड व्हायचं. फ्लॉपच्या आधी शेवटी बोलायला मिळतं, पुढे तीन फेऱ्या पुन्हा तिघांच्या आधी. वहीत स्ट्रॅडलचे डाव वेगळे लिहा, आकडा बघितल्यावर हौस आपोआप कमी होते.

आणि शेवटी दोघंच उरले की क्रम बदलतो, इथे भल्याभल्यांचं भांडण होतं. दोघांत बटनवालाच स्मॉल ब्लाइंड टाकतो. फ्लॉपच्या आधी तो पहिला बोलतो, फ्लॉपनंतर शेवटी. बटनवाल्याने बिग ब्लाइंड टाकून खेळत असाल, तर एकाच माणसाला सगळ्या फेऱ्यांत शेवटी बोलायला मिळतं. असं खेळलेले डाव वहीतून काढून टाका, ते कुठल्याच हिशेबात धरता येत नाहीत.